अप्पांच्या बाथरूमचा गीझर

स्वतःच्या अंगाचा वास कुणालाच कळत नाही. अप्पांना कुणाच्याच अंगाचा कळत नसे. उभा जन्म रंगाच्या कारखान्यात तपासनीस म्हणून गेला. तयार झालेल्या रंगाच्या प्रत्येक घाण्यातला नमुना पत्र्याच्या तुकड्यावर फासायचा, उजेडात धरायचा आणि 'पास' किंवा 'परत' म्हणायचं, एवढंच काम. रंग पातळ करायच्या द्रावणांनी नाक आधी चुरचुरलं, मग बुजलं, मग कायमचं गेलं. डोळे मात्र असे तयार झाले की दोन पांढऱ्यांमधला तिसरा पांढरा त्यांना दिसे. "निवृत्तीच्या वेळी कारखान्याने मला घड्याळ दिलं आणि माझं नाक ठेवून घेतलं," असं अप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. येणारेजाणारे हसत. हल्ली ते जरा लांबूनच हसायला लागले होते.

त्यामुळे घरात काहीतरी घाण सुटली आहे हे अप्पांना नाकाने नव्हे, डोळ्यांनी कळलं. सूनबाई त्यांच्या खोलीत यायची ती दाराबाहेर छाती भरून घेऊन, पाण्यात बुडी मारायला निघाल्यासारखी. गोळी ठेवायची, "पाणी आहे ना अप्पा?" एवढं एका दमात म्हणायची आणि बाहेर जाऊन श्वास सोडायची. चिरंजीव तर उंबरठ्यावरूनच बोलू लागले. जेवणाच्या टेबलाशी अप्पांची खुर्ची खिडकीकडे सरकली, "तिथे तुम्हाला वारा लागेल." बेसिनवर नवा साबण आला, मागोमाग त्याहून जास्त फेसाचा आला. कपाटात लिंबाच्या वासाच्या वड्या पडल्या, दाराआड फवाऱ्याचा डबा उभा राहिला. चादर रोज बदलली जाऊ लागली आणि धुवायला जाताना ती दोन बोटांच्या चिमटीत लोंबू लागली.

तोंडाने मात्र कुणी काही बोललं नाही. त्या घराची रीतच तशी होती. नकोशी गोष्ट बोलायची नाही, तिच्यावर काहीतरी फवारायचं.

अप्पांनी एकदा सरळच विचारलं, "माझ्या अंगाला वास येतो का रे?"

"छे! काहीतरीच काय, अप्पा!" दोघं एकदम म्हणाली. नवराबायकोचं एरवी साध्या पडद्याच्या रंगावर एकमत होत नसे. ती एका सुरात 'छे' म्हणाली, तेव्हा अप्पांनी मनात 'हो' अशी नोंद करून टाकली.

मग सुरू झालं घासणं. अप्पांची खोली घराच्या मागच्या अंगाला, आणि तिला लागून त्यांचं स्वतंत्र बाथरूम. वर भिंतीला जुना टाकीचा गीझर. पुढच्या बाथरूममध्ये नवा, लहान, बटण दाबताच पाणी तापवणारा. तो चिरंजीवांचा आणि सूनबाईचा. अप्पा सकाळी अंघोळ करत, आता संध्याकाळीही करू लागले. गरम पाण्याच्या बादल्यावर बादल्या. पाणी कोमटच यायचं, म्हणून आणखी एक बादली. काखा, मान, कानांच्या मागचं, बोटांच्या बेचक्या, सगळं ब्रशने खरवडून लालभडक करायचे. एवढं करून बाहेर आले की सूनबाई त्यांच्या वाटेतून नेहमीपेक्षा जरा चपळाईने बाजूला व्हायची.

अप्पांना स्वतःची शिसारी येऊ लागली. आपलं अंग म्हणजे फळीवर विसरलेलं फळ, वरून धड आणि आतून नासलेलं. झोपताना ते हात अंगापासून लांब ठेवू लागले, जणू हात त्यांचे आणि अंग दुसऱ्या कुणाचं. बोटातली चांदीची अंगठी काळी पडायची, ते सकाळी लपून टूथपेस्टने उजळायचे आणि दुसऱ्या दिवशी ती परत काळी. आतून काहीतरी झिरपतंय, असं त्यांनी ठरवून टाकलं. हे कुणाला सांगणार? डॉक्टरने तपासायला जवळ घेतलं असतं, आणि तेच नको होतं.

अशात एका संध्याकाळी चिरंजीव उंबरठ्यावरून म्हणाले, "अप्पा, रविवारी एके ठिकाणी जाऊन येऊ. नुसतं बघायला. ज्येष्ठांचं निवासस्थान आहे. बागबिग आहे. तुमच्या वयाची माणसं आहेत."

"माझ्या वयाच्या माणसांचं मी काय करू? मी एकटाच तुम्हाला जास्त होतोय."

"असं काय बोलता! नुसतं बघायचं. आवडलं तर."

"आणि नाही आवडलं तर?"

चिरंजीव घड्याळाकडे बघून "अरे, फोन करायचाय," म्हणाले आणि गेले. जाताना गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक मेजावर ठेवून गेले. अप्पांनी ते सवयीने उजेडात धरलं. सगळ्या म्हाताऱ्यांना एकाच साच्यातले दात, आणि छपाईत हिरवा जास्त पडलेला. बाग हिरवी नव्हती, शाई हिरवी होती. हे असलं 'नुसतं बघणं' कसं असतं ते अप्पांना पक्कं ठाऊक होतं. जुनं कपाटही आधी नुसतं बघायलाच माणूस आला होता.

त्याच आठवड्यात विहीणबाई आल्या. सूनबाईची आई. त्यांच्या घराला रंग द्यायला काढला होता, म्हणून आठवडाभर लेकीकडे. बाई अंगाने भरलेल्या, गुडघ्यांनी खचलेल्या आणि जिभेने शाबूत. दारात चप्पल काढता काढताच त्यांनी नाक वर केलं.

"काय हो व्याही, अंघोळबिंघोळ करता की नाही? इथपर्यंत येतोय."

"आई!" सूनबाई किंचाळलीच.

"आई काय? नासलेल्या अंड्यासारखा येतोय. मला नाक आहे बाई, तुमच्यासारखं शोभेला नाही लावलेलं."

चिरंजीवांना एकदम काहीतरी आठवलं आणि ते आत गेले. अप्पांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. उठून जावंसं वाटलं. पण तपासनिसाचा पिंड असा की दोषाला नाव मिळालं की मान आपोआप वर होते. इतके दिवस सगळे नुसते हवा हलवत होते. हिने दोष सांगितला.

"नासलेल्या अंड्याचा? नक्की? घामाचा नाही, कुबट नाही?"

"घामाचा मला कळत नाही का? ह्या सोफ्यावरच्या उशीला घामाचा येतोय, तो तुमच्या मुलाचा. तुमचा अंड्याचा."

विहीणबाईंची झोपायची सोय पुढच्या खोलीत होती, पण पुढच्या बाथरूमला टबाची उंच कड. गुडघे काही ती ओलांडेनात. अप्पांच्या बाथरूमला कड नाही आणि भिंतीला धरायला दांडा आहे. "मी तिथेच करीन अंघोळ," त्या म्हणाल्या. सूनबाईचा चेहरा पडला. "अगं पण आई, तिथे..." पुढचा शब्द त्या घराच्या रीतीप्रमाणे गिळला गेला.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई न्हाऊन पुढच्या खोलीत पेपर वाचत बसल्या होत्या आणि अप्पा खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत होते. सूनबाई चहा घेऊन आली. आईजवळ वाकण्याआधी ती क्षणभर थबकली, छाती भरून घेतली, कप ठेवला आणि गाल फुगवून माघारी फिरली.

अप्पा बघतच राहिले. ती बुडी ते ओळखत होते. ती बुडी त्यांची होती!

"व्याही, तुमचा तो साबण फेकून द्या," पेपरामागून आवाज आला. "माझी बांगडी बघा कशी केली त्याने. लेकीच्या लग्नातली आहे, आजवर कधी डागली नव्हती."

चांदीची बांगडी. तिच्यावर निळसर काळी झाक चढली होती, कडेला तांबूस. अप्पांनी ती खिडकीपाशी धरली, मग आपली अंगठी शेजारी धरली. तोच रंग. जवळपासचा नव्हे, तोच. हा रंग त्यांनी पूर्वी पाहिला होता. कारखान्यामागे सांडपाण्याचा नाला होता; त्याच्या काठच्या भिंतीला शिशाचा पांढरा रंग दिला की थोड्याच दिवसांत करडा पडायचा. नाल्यातून गंधकाचा वायू उठतो आणि नासलेल्या अंड्यासारखा वास मारतो, असं त्यांना तेव्हा नाक शाबूत असलेल्यांनी सांगितलं होतं.

"विहीणबाई," अप्पा हळूच म्हणाले, "तुमच्या अंगालाही वास येतोय."

"काय म्हणालात?"

"मला येत नाही. तुमच्या मुलीला येतोय. विचारा तिला."

विहीणबाईंनी हाक मारली. "ए, इकडे ये. माझ्या अंगाला वास येतो?"

"छे! काहीतरीच काय, आई!"

"हं. म्हणजे येतो," विहीणबाई म्हणाल्या. लेक त्यांनी वाढवलेली होती. त्यांनी आपल्याच मनगटाला नाक लावलं, दुसऱ्या मनगटाला लावलं, आणि चेहरा असा झाला, जणू खाताना घासात केस निघाला. "अगं बाई! आणि मी म्हणतेय, बाथरूममध्ये येतो तो व्याह्यांचा राहिलेला, बाहेर येतो तो ह्या घराचा. मी दोन दिवस अशी बसलेय? शेजारीण येऊन गेली काल!"

एक माणूस नासेल. दोन माणसं, एक जाडी नि एक बारीक, एकाच रीतीने कशी नासतील? घाणा बिघडला की दोष माणसात नाही, पिंपात शोधायचा. अप्पांना कित्येक दिवसांनी हात अंगाशी घ्यावेसे वाटले. रविवार परवावर आला होता.

पहिला संशय जमिनीतल्या जाळीवर. अप्पांना इतकी खात्री होती की त्यांनी विहीणबाईंना स्टूल देऊन बाथरूमच्या दारात बसवलं आणि भाषणच दिलं. जाळी उघडून खालची वाटी खरवडली, केसांचा नि साबणाचा बुळबुळीत गोळा काडीने ओढून काढला, उकळतं पाणी ओतलं, वर प्लास्टिक दाबून बसवलं.

"घ्या आता वास."

"आहे तसाच आहे. वर तुम्ही त्या गोळ्याचा आणखी घातलात."

"नीट घ्या."

"व्याही, मी नाक घेऊन आलेय, तुम्ही भराल ते घ्यायला पिशवी नाही. आहे म्हणजे आहे."

अप्पांचं तोंड उतरलं. बराच वेळ ते त्या केसांच्या गोळ्याकडे बघत बसले, जणू त्याने फसवलं. मग स्वतःलाच चार शब्द सुनावले. कारखान्यात नव्या पोरांना ते हेच तर शिकवायचे की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. इथे म्हातारपणी आपणच खात्रीच्या आहारी गेलो.

त्यांनी स्वयंपाकघरातून दोन सारखे पेले आणले. एकात गार नळाचं पाणी, एकात गीझरचं. "पाठ करा आणि डोळे मिटा."

"कशाला?"

"गरम कुठलं हे बघून ठरवाल म्हणून."

"गरम कसलं, नुसतं कोमटच तर येतंय," असं पुटपुटत विहीणबाईंनी डोळे मिटले. पहिला पेला नाकाशी आला. "हं. पाणी आहे." दुसरा आला. त्यांनी श्वास आत ओढला आणि... "शी! शी शी शी!" पेला भिंतीवर आदळला, पाणी अप्पांच्या तोंडावर उडालं. "हे मी डोक्यावरून घेतलंय? केसांत घेतलंय? तोंड धुतलंय ह्याने?"

पुढच्या बाथरूमचं गरम पाणीही नाकाशी धरून झालं. ते निर्दोष निघालं. आता शंकेला जागा राहिली नाही. अप्पांनी मान वर करून त्या जुन्या टाकीकडे पाहिलं. ती कित्येक वर्षं डोक्यावर होती, पण तिच्या पोटाकडे त्यांनी कधी निरखून पाहिलं नव्हतं. खालच्या बाजूला तापमानाचं बटण होतं. त्याचा काटा पार खाली आणला होता आणि तो हलू नये म्हणून त्यावर पांढरी चिकटपट्टी. पट्टी टाकीच्या पांढऱ्याहून किंचित पिवळी. म्हणजे बरेच दिवस झालेले.

संध्याकाळी चिरंजीव घरी आले ते उंबरठ्यावर थांबले. "आत ये," अप्पा म्हणाले. "श्वास घेऊन ये हवा तर. ही पट्टी कुणी लावली?"

"मीच. तुमचा हात भाजला होता ना मागे? म्हणून केलं कमी. पट्टी लावली, कारण तुम्ही परत वाढवाल."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि हा वास? तोही वाईट वाटू नये म्हणून सांगितला नाही?"

चिरंजीवांनी फवाऱ्याच्या डब्याकडे पाहिलं. सवय, दुसरं काय.

शनिवारी सकाळी वायरमन आला. त्याने टाकीवर बोटाने टकटक केलं आणि उत्तर घेऊनच आल्यासारखा म्हणाला, "कॉईल गेलीय."

"कॉईल गेली तर पाणी तापणार नाही. आमची तक्रार वासाची आहे."

"मग पाणीच तसं येत असेल."

विहीणबाईंनी स्टुलावरूनच पेला पुढे केला. "घ्या, लांबून कशाला बोलता?"

वायरमनने वास घेतला, डोळे बारीक केले आणि न बोलता मुख्य स्विच बंद केला. टाकीत येणारं पाणी अडवलं, रबरी नळी लावून टोक जाळीत सोडलं. पहिल्यांदा साधं पाणी आलं, मग राखाडी, मग काळं. त्या काळ्यात लांब लांब काहीतरी येऊ लागलं, शेंबडासारखं चिकट, तुटता तुटेना. वायरमनने शर्ट नाकावर ओढला. टाकीच्या तळाची चकती सोडवली तशी ती चक्क 'पच' असा आवाज करून सुटली आणि मागून अख्खा गाळ बादलीत उतरला.

सूनबाई फाटकापर्यंत पळाली. चिरंजीव पुढच्या बेसिनवर ओकत होते, आवाज मागपर्यंत येत होता. विहीणबाई गुडघे विसरून अंगणात पोचल्या होत्या आणि तिथून ओरडत होत्या, "झाकण लावा हो त्याला!"

एकटे अप्पा बादलीवर वाकले. त्यांना वास नव्हता. रंग होते. तळाला डांबरासारखा काळा, त्यावर गंजाचा तांबडा थर, त्यावर पांढरट बुळबुळीत साय, आणि ती साय हलत्या बादलीबरोबर डुचमळत होती. कॉईलवर त्याचीच दाढी लोंबत होती. अप्पांनी ते आधी तपासनिसाच्या डोळ्यांनी पाहिलं. मग एकाएकी आठवलं की आपण स्वच्छ व्हायला रोज दोनदा ह्यातलंच पाणी घेत होतो. ह्यानेच गुळण्या केल्या. काखा खरवडून ताजी कातडी काढायची आणि तिच्यावर हे ओतायचं. भिंतीचा दांडा धरून त्यांनी सकाळचा चहा जागीच ओकून टाकला. किळस यायला नाक लागत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"बसा, अप्पा, बसा," वायरमन शर्टातून बोलला. त्याने टाकीतून एक वाकडी, किडलेली कांडी बाहेर ओढली. "टाकी गंजू नये म्हणून ही आत असते, टाकीच्या बदली झिजते. पण पाणी असं कोमट ठेवलं की त्यात काहीबाही वाढतं, ते ह्या कांडीपाशी पोसतं आणि घाण सोडतं. पाणी कडक तापलं असतं तर मेलं असतं. हा काटा कुणी खाली आणला?"

 पुढच्या बेसिनवरचा आवाज एकदम थांबला.

दुपारपर्यंत टाकी धुऊन झाली. नवी कांडी, नवं रबर, वर औषध टाकून पाणी भरलं, मुरू दिलं, सोडलं, पुन्हा भरलं. काटा वर नेला. "साठ अंशांच्या खाली आणू नका. आणि भाजायची भीती असेल तर बादलीत आधी गार पाणी घ्या, मग गरम सोडा," एवढं सांगून वायरमन गेला. कांडी कोपऱ्यात तशीच पडली होती.

संध्याकाळी अप्पांनी सावकाश अंघोळ केली. ब्रश घेतला नाही. साबण एकदाच लावला. बाहेर आले तेव्हा पुढच्या खोलीत तिघंही बसली होती.

"अप्पा," चिरंजीव चपलेच्या अंगठ्याशी खेळत म्हणाले, "उद्याचं मग... राहू दे. सांगतो मी त्यांना."

"आम्हाला काय कल्पना?" सूनबाई म्हणाली. "आम्ही कधी तुम्हाला एका शब्दाने तरी बोललो का, अप्पा?"

"नाही बोललात. सोफा, उशा, पडदे, सगळ्यांना सुगंधी केलंत, आणि मला निवासात टाकायला निघालात. पण बोलला नाहीत." अप्पांनी सदऱ्याची बाही वर सारली आणि हात पुढे केला. "वास घ्या."

"अप्पा, काय हे!"

"घ्या म्हणतो ना."

चिरंजीव वाकले, वर आले. "अगदी छान." सूनबाईने त्याहून लांबून घेतला. "साबणाचा मस्त येतोय, अप्पा."

"तुमचं छान मी पुष्कळ ऐकलंय," अप्पा म्हणाले. हात तसाच पुढे.  नाक नसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या तोंडावर जगावं लागतं आणि ह्या दोन तोंडांवर त्यांचा आता विश्वास उरला नव्हता. "विहीणबाई, तुम्ही बघा."

विहीणबाई कण्हत उठल्या. त्यांनी अप्पांचा हात मनगटापासून कोपरापर्यंत हुंगला, घाई केली नाही. मग मानेपाशी वाकून हुंगलं. सूनबाईने संकोचाने दुसरीकडे पाहिलं.

"साबणाचा येतोय," विहीणबाई म्हणाल्या. "त्याच्या खाली म्हाताऱ्याचा. तो जायचा नाही, व्याही. माझाही आहे. त्याला टाकी धुऊन उपयोग नाही."

"अंड्याचा?"

"अंड्याचा नाही."

अप्पांनी बाही खाली केली. डोळ्यांत काहीतरी आलं, ते त्यांनी त्याच बाहीने पुसलं. "पास," ते स्वतःशीच म्हणाले.

मग ते आत गेले, मेजावरचं ते हिरवं माहितीपत्रक घेतलं, कोपऱ्यातली किडकी कांडी त्यात नीट गुंडाळली आणि बाहेर येऊन चिरंजीवांच्या हातात दिली.

"फाटकाबाहेरच्या डब्यात टाकून ये. आणि हात धू. पुढच्या बाथरूममध्ये नको, माझ्याकडे ये. तिथे कडक पाणी आहे."

चिरंजीव पुडकं अंगापासून लांब धरून निघाले. दोन बोटांच्या चिमटीत, चादर धरायचे तसं.